अपडेट फसले, पण का?

“कालपर्यंत कॉम्प्युटर नीट चालत होता. अपडेट आले, मी फक्त ‘हो’ म्हटले आणि आता तो सुरूच होत नाही. माझे काय चुकले?” कॉम्प्युटर वापरणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने कधी ना कधी हा प्रश्न विचारलेला असतो. त्यातले शेवटचे वाक्य नीट पाहा. मिक्सर बंद पडला तर आपण मिक्सरला दोष देतो, कॉम्प्युटर बंद पडला की स्वतःला. उत्तर सुरुवातीलाच सांगतो: बहुतेक वेळा तुमचे काहीच चुकलेले नसते. ऑपरेटिंग सिस्टिमचे अपडेट फसणे समजण्यासारखे आहे, कारण ते काम खरोखर अवघड आहे. ते का फसले हे वापरणाऱ्याला न कळणे मात्र समजण्यासारखे नाही. तसे घडते ते यंत्रणा तशी बांधली म्हणून, आणि ती वेगळी बांधता येते. या प्रकरणात हेच टप्प्याटप्प्याने पाहायचे आहे.

१. राहत्या घरातली दुरुस्ती

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे कॉम्प्युटरचा कारभारी. पडद्यावर अक्षर उमटवणे, फाइल डिस्कवर ठेवणे, प्रिंटरला निरोप देणे ही सगळी कामे तिच्यामार्फत होतात. विंडोजसारखी सिस्टिम हजारो फाइलींची बनलेली असते आणि कॉम्प्युटर चालू असताना त्यांतल्या पुष्कळ फाइली सतत वापरात असतात. अपडेट म्हणजे त्यांतल्या काही फाइली काढून नव्या बसवणे. राहत्या घरात फरशी बदलायची असेल तर जिथे आपण उभे आहोत तिथली फरशी उचलता येत नाही, थोडा वेळ बाहेर जावे लागते. रिस्टार्ट मागितला जातो तो याचसाठी. नवी फाइल आधी उतरवली जाते, तिच्यावरची डिजिटल सही तपासली जाते (ही कंपनीची मोहोर समजा), मग ती विंडोजच्या कोठारात ठेवली जाते. या कोठाराचे नाव ‘विनएसएक्सएस’. कॉम्प्युटर पुन्हा सुरू होताना, तुम्ही आत येण्याआधी, जुन्या फाइलींच्या जागी नव्या बसतात. मध्येच काही अडले तर केलेले बदल उलटे फिरवून जुनी स्थिती आणायची, असा नियम आहे.

यातला प्रत्येक टप्पा वेगळ्या कारणाने अडतो. नेट मध्येच तुटले तर उतरवलेली फाइल अर्धवट राहते. डिस्कवर जागा नसते. कोठारातली जुनी फाइलच खराब झालेली असते, त्यामुळे तिच्यावर नवी बसत नाही. एखादा जुना ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर किंवा ग्राफिक कार्ड चालवणारा छोटा प्रोग्राम, नव्या फाइलीशी जुळत नाही. किंवा ऐन वेळी वीज जाते. पाच कारणे, आणि पाचांवरचे उपाय एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेले. पडद्यावर मात्र पाचही वेळा जवळपास एकच मजकूर दिसतो: अपडेट पूर्ण होऊ शकले नाही. सोबत असतो एक आकडा.

२. त्या आकड्यात काय लिहिलेले असते?

विंडोजमध्ये वारंवार भेटणारा एक आकडा घेऊ: ०एक्स८००७०६४३. सुरुवातीचे ‘०एक्स’ एवढेच सांगते की पुढची मोजणी दहाच्या नव्हे तर सोळाच्या पटीत आहे. रुपयाचे सोळा आणे होते ते दिवस ज्यांनी ऐकून तरी माहीत करून घेतले आहेत, त्यांना ही मोजणी परकी वाटणार नाही. पहिला ८ म्हणतो, ‘काम फसले’. त्यानंतरचे ००७ सांगते की झालेल्या चुकीचे नाव विंडोजच्या सर्वसाधारण यादीत शोधा. खरा क्रमांक शेवटच्या ०६४३ मध्ये आहे. उजवीकडचे ३ म्हणजे तीन आणे. त्याच्या डावीकडचे ४ म्हणजे चार रुपये, अर्थात ६४ आणे. त्याच्याही डावीकडचे ६ म्हणजे, सोळा रुपयांची एक मोहोर धरली तर, सहा मोहरा. एका मोहोरेचे २५६ आणे, सहांचे १५३६. बेरीज करा: १५३६ अधिक ६४ अधिक ३, एकूण १६०३.

विंडोजच्या यादीत १६०३ क्रमांकापुढचा अर्थ असा: ‘इन्स्टॉल करताना गंभीर चूक झाली’. एवढे गणित करून हाती आले काय? जे पडद्यावर आधीच दिसत होते तेच. ताप का आला विचारल्यावर ‘अंग गरम आहे’ असे उत्तर मिळावे तसे हे आहे. आता शेजारी दुसरा आकडा ठेवू: ०एक्स८००७००७०. शेवटचे ७० सोळाच्या हिशेबाने सात सोळे ११२ होतात, आणि ११२ चा अर्थ आहे ‘डिस्क भरली’. पहिला आकडा वाचून वापरणारा जागच्या जागी अडतो, दुसरा वाचून तो जुने व्हिडिओ काढून टाकतो आणि काम पुढे जाते. म्हणजे यंत्रणेपाशी नेमके बोलण्याची भाषा आहे. ती नेमक्या वेळी वापरली जात नाही, तेव्हा काय होते याचे मोठे उदाहरण २०२४ च्या जानेवारीत जगाने पाहिले.

३. अडीचशे एमबीसाठी

९ जानेवारी २०२४ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० साठी केबी५०३४४४१ नावाचे अपडेट पाठवले. त्यामागचे कारण रास्त होते. विंडोजमध्ये बिटलॉकर नावाची सोय आहे. ती डिस्कवरचा सगळा मजकूर कुलूपबंद करते, म्हणजे लॅपटॉप चोरीला गेला तरी आतले वाचता येत नाही. या कुलपाला वळसा घालण्याची एक वाट सापडली होती आणि ती जात होती रिकव्हरी पार्टिशनमधून. पार्टिशन म्हणजे डिस्कचा आखून वेगळा केलेला भाग. सी ड्राइव्ह, डी ड्राइव्ह आपल्याला दिसतात, पण त्यांच्याशेजारी एक छोटा भाग असतो ज्याला अक्षर नसते आणि जो ‘माय कॉम्प्युटर’ उघडल्यावर दिसतही नाही. मुख्य विंडोज सुरू होईना तर दुरुस्तीची हत्यारे इथून मिळतात. घराच्या भिंतीतला तो लहानसा कोनाडा, जिथे मेणबत्ती आणि काडेपेटी ठेवलेली असते.

नव्या अपडेटला या कोनाड्यात २५० एमबी मोकळी जागा हवी होती आणि असंख्य कॉम्प्युटरवर ती नव्हती. कोनाडा कधीच, विंडोज बसवतानाच, आखला गेला होता. त्याचे माप वापरणाऱ्याने ठरवलेले नव्हते, त्याला ते ठाऊकही नव्हते. सी ड्राइव्हवर दोनशे जीबी मोकळे असले तरी उपयोग शून्य, कारण बैठकीच्या खोलीत कितीही जागा असली तरी कोनाडा तेवढाच राहतो. अशा वेळी ‘रिकव्हरी पार्टिशनमध्ये जागा कमी आहे’ असा निरोप दिसायचा होता आणि तसा निरोप तयारही होता. पण कोणता निरोप दाखवायचा हे निवडणाऱ्या भागातच चूक होती, हे मायक्रोसॉफ्टने स्वतः नोंदवले आहे. त्यामुळे लोकांना दिसला आपण मघाशी सोडवलेला आकडा, ०एक्स८००७०६४३.

हाच आकडा त्याआधी कित्येक वर्षे डॉटनेट फ्रेमवर्कसारख्या भलत्याच गोष्टींच्या अपडेटमध्येही दिसत आला होता. त्यामुळे ज्याने त्याने शोध घेतला त्याला जुनेच उपाय मिळाले: डॉटनेट दुरुस्त करा, अपडेटचे फोल्डर पुसा, अँटिव्हायरस काढा. यांपैकी एकाही उपायाने कोनाडा मोठा होणे शक्य नव्हते. ज्यांच्या कॉम्प्युटरवर रिकव्हरी पार्टिशन मुळातच नव्हते त्यांनाही हे अपडेट आणि हीच चूक दिसत राहिली. त्यांना या अपडेटची गरजच नसल्याने त्यांनी तिकडे दुर्लक्ष करावे, असा खुलासा नंतर आला. शेवटी कंपनीने हाताने करायच्या पायऱ्या प्रसिद्ध केल्या. काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करून मुख्य पार्टिशन २५० एमबीने आक्रसायचे, जुना रिकव्हरी भाग पुसायचा, नवा आखायचा. पार्टिशनचा क्रमांक लिहिताना एक अंक चुकला तर घरातले सगळे फोटो जाऊ शकतात, असे हे काम. त्याच वर्षी एप्रिलच्या अखेरीस कंपनीने सांगितले की ही अडचण आपोआप सोडवणारे अपडेट येणार नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. लाखो अनोळखी कॉम्प्युटरवर पार्टिशनची मापे आपोआप बदलणे फार धोक्याचे आहे, कोणाची डिस्क कशी आखली आहे ते दूर बसून कळत नाही. मग कंपनीने हात आखडता घेतला यात चूक काय? मला हा आक्षेप मान्य आहे. अशा कामात सावधपणा हवाच. पण त्यातूनच पुढचा प्रश्न उभा राहतो: जे काम स्वतः करणे कंपनीला धोक्याचे वाटले, ते डिस्कपार्टचे, म्हणजे पार्टिशन आखणाऱ्या त्या हत्याराचे, नाव कधी न ऐकलेल्या माणसावर टाकायचे कसे? जागा आहे की नाही हे मोजायला काहीच धोका नव्हता. आधी मोजायचे, जागा नसेल तर अपडेट पाठवायचेच नाही, आणि ‘तुमच्या कॉम्प्युटरवर हे अपडेट बसणार नाही, कारण अमुक’ असे साध्या वाक्यात सांगायचे. एवढ्याने अगणित लोकांचे अगणित तास वाचले असते.

४. उपायांची यादी एवढी लांब का?

अपडेट फसल्यावर मिळणाऱ्या सल्ल्यांची यादी सगळीकडे सारखी असते आणि ती पाठ केल्यासारखी सांगितली जाते. तिच्यातला प्रत्येक उपाय कोणत्या तरी एका कारणावर अचूक लागू पडतो. ‘सॉफ्टवेअरडिस्ट्रिब्युशन’ हे फोल्डर रिकामे केल्याने उतरवलेला अर्धवट माल जातो आणि तो नव्याने येतो. नेट तुटून बिघाड झाला असेल तर हे रामबाण आहे. ‘एसएफसी’ ही आज्ञा चालू विंडोजच्या फाइली कोठारातल्या प्रतींशी ताडून पाहते आणि खराब झालेल्या बदलते. ‘डिझम’ कोठारच दुरुस्त करते. यावरून एक गोष्ट उघड होते: कोठारच खराब असेल तर आधी एसएफसी चालवून फायदा नाही, कारण ती किडक्या बियाण्यातूनच पेरणी करू पाहील. आधी डिझम, मग एसएफसी. आणखी एक पेच असा की डिझम चांगल्या प्रती आणते ती सहसा विंडोज अपडेटमार्फतच. अपडेटची वाटच तुंबली असेल तर तिला दुसरीकडून, म्हणजे विंडोजच्या इन्स्टॉलेशन फाइलमधून, माल पुरवावा लागतो. हा क्रम आणि हे कारण यादीत क्वचितच लिहिलेले असते.

कारण कळत नाही म्हणून माणूस सगळे उपाय ओळीने करत सुटतो. तिसऱ्या उपायाने गुण आला तर तिसराच खरा, की पहिल्या दोहोंनी वाट मोकळी केली, हे कधीच कळत नाही. पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. एका कॉम्प्युटरवरचा अनुभव दुसऱ्याच्या उपयोगी पडत नाही, म्हणजे ज्ञान साठत नाही. मला यातली सर्वांत मोठी हानी हीच वाटते, वाया गेलेल्या वेळापेक्षाही. आणि म्हणूनच आपल्याकडे दुरुस्तीवाल्याचा ठरलेला सल्ला असतो, ‘फॉरमॅट मारून घ्या’. त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. तासभर कारण शोधून ते सापडेल याची खात्री नसेल आणि ग्राहक समोर उभा असेल, तर सगळे पुसून नवे विंडोज टाकणे हाच त्याला परवडणारा मार्ग उरतो. किंमत मोजतो तो ग्राहक, आणि बॅकअप नसेल तर ती किंमत पैशांत मोजता येत नाही.

यावर म्हटले जाते की सामान्य माणसाला तपशील देऊन काय उपयोग, तो घाबरेल. पण रेल्वे उशिरा धावत असेल तर ‘तांत्रिक बिघाड’ एवढे ऐकून प्रवासी शांत होत नाही; ‘पुढे मालगाडी बंद पडली आहे, वीस मिनिटे लागतील’ हे ऐकून होतो. ‘जागा कमी आहे’, ‘प्रिंटरचा ड्रायव्हर जुळत नाही’, ही वाक्ये सातवीतल्या मुलालाही कळतात. आणि तपशील तर कॉम्प्युटर लिहून ठेवतोच. ‘सीबीएस’ नावाच्या नोंदवहीत प्रत्येक पायरी सेकंदासह टिपलेली असते, हजारो ओळींत. माहिती आहे, पण ज्याचे काम अडले आहे त्याच्यापर्यंत ती पोचत नाही.

५. मग अपडेटच बंद ठेवले तर?

वैतागलेला माणूस शेवटी इथे येतो. ऑक्टोबर २०१८ मध्ये त्याला तसे वाटण्याचे सबळ कारणही मिळाले. विंडोज १० चे त्या महिन्यातले मोठे अपडेट २ तारखेला आले आणि काही जणांच्या डॉक्युमेंट्स, फोटो अशा फोल्डरांतल्या फाइलीच गायब झाल्या. कंपनीने काही दिवसांत अपडेट थांबवले, दुरुस्त केले आणि १३ नोव्हेंबरला पुन्हा आणले. अशा तक्रारींचे प्रमाण ०.०१ टक्का असल्याचे तिने सांगितले. आकडा क्षुल्लक वाटतो, पण त्याचा हिशेब करून पाहा. एक कोटी कॉम्प्युटरवर अपडेट गेले तर ०.०१ टक्का म्हणजे एक हजार घरे. शिवाय चाचणी करणाऱ्या स्वयंसेवकांपैकी काहींनी ही अडचण आधीच कळवली होती, ती ढिगाऱ्यात हरवली.

तरीही अपडेट बंद ठेवण्याचा सल्ला मी देणार नाही, आणि त्याचा पुरावा २०१७ सालात आहे. मायक्रोसॉफ्टने विंडोजमधले एक मोठे भगदाड बुजवणारे अपडेट १४ मार्चला दिले. १२ मे रोजी वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस त्याच भगदाडातून शिरला आणि दीडशे देशांत पसरला. मध्ये जवळपास दोन महिने होते. २७ जूनला नॉटपेट्या आला. तोही इतर वाटांबरोबर याच भगदाडाचा वापर करत होता, आणि त्याचा फटका थेट नवी मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका कंटेनर टर्मिनलला बसून तिथले कामकाज कोलमडले. विशेष म्हणजे नॉटपेट्या मुळात शिरला तो युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच. म्हणजे अपडेट न घेणे धोक्याचे, आणि कोणाचेही अपडेट डोळे मिटून घेणेही धोक्याचे. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. मुदतवाढीची सोय न घेता ते वापरणाऱ्यांना नवी भगदाडे बुजवून मिळत नाहीत. लोकांनी अपडेट घ्यावे असे कंपन्यांना मनापासून वाटत असेल, तर फसलेल्या अपडेटचे कारण सांगणे हा सुरक्षेचाच भाग मानला पाहिजे. एकदा पोळलेला माणूस पुढचे अपडेट टाळतो आणि असे टाळलेले कॉम्प्युटरच व्हायरसला सापडतात.

६. दोन चुली

यापेक्षा चांगली रचना शक्य आहे का? ती बहुधा तुमच्या खिशात आहे. अँड्रॉइडने २०१६ मध्ये, सातव्या आवृत्तीपासून, फोनमध्ये सिस्टिमसाठी दोन जागा ठेवण्याची सोय आणली. स्वयंपाकघरात दोन चुली असाव्यात तसे. एका चुलीवर रोजचा स्वयंपाक चालू असतो, दुसरी थंड असते. नवी सिस्टिम थंड चुलीवर सावकाश मांडली जाते, तुम्ही तोवर फोनवर बोलत असता. रिस्टार्ट झाला की स्वयंपाक दुसऱ्या चुलीवर जातो. ती नीट पेटली नाही तर फोन आपोआप पहिलीवर परततो. जुनी सिस्टिम जशीच्या तशी असल्याने ‘अर्धी बदललेली’ अशी अवस्थाच येत नाही. क्रोमबुकही याच रीतीने चालतात.

यालाही किंमत आहे. दोन चुलींना जागा जास्त लागते. अँड्रॉइडने अकराव्या आवृत्तीपासून फक्त बदललेला भाग वेगळा ठेवण्याची युक्ती आणून ती कमी केली. विंडोजची अडचण याहून मोठी आहे. शेकडो कंपन्यांचे सुटे भाग, त्यांचे ड्रायव्हर, वीस वर्षांपूर्वीचे हिशेबाचे प्रोग्राम, हे सगळे सिस्टिमच्या पोटात शिरून बसलेले असतात. तिथे दोन चुली मांडणे सोपे नाही, हे मान्य केले पाहिजे. पण मधल्या वाटा आहेत आणि त्यांतली एक मायक्रोसॉफ्टनेच २०२१ मध्ये जाहीर केली. काही दुरुस्त्यांसोबत जुना कोडही आत ठेवायचा आणि नवा त्रास देऊ लागला तर दूर बसून कळ फिरवून जुना चालू करायचा. सुरक्षेच्या दुरुस्त्यांना ही सोय लागू नाही, कारण तिथे जुन्याकडे जाणे म्हणजे भगदाड पुन्हा उघडणे. पण तत्त्व तेच: परतीची वाट आधी बांधायची, मग पुढे पाऊल टाकायचे.

परतीची वाट नसली की काय होते, ते १९ जुलै २०२४ रोजी दिसले. हे विंडोजचे अपडेट नव्हते. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने आपल्या प्रोग्रामसाठी पाठवलेली एक सदोष फाइल होती. ती सुमारे ७८ मिनिटांत मागे घेतली गेली, पण तेवढ्यात मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख कॉम्प्युटर कोसळले होते. भारतातल्या विमानतळांवर त्या दिवशी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. कॉम्प्युटर सुरूच होत नसल्याने दूरवरून दुरुस्ती पाठवण्याचा मार्ग अनेकांच्या बाबतीत बंद झाला. माणसांनी एकेका यंत्रापाशी जाऊन, रिकव्हरीच्या त्या छोट्या कोनाड्यातून आत शिरून, ती एक फाइल पुसली. आणि तिथे पुष्कळांची गाठ पडली बिटलॉकरच्या कुलपाशी, ज्याची किल्ली कुठे ठेवली आहे हे त्यांना आठवत नव्हते.

७. पुढच्या अपडेटपूर्वी

रचना बदलायला वेळ लागेल. तोवर स्वतःसाठी एवढे करता येते. महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत कॉम्प्युटरबाहेर, एखाद्या वेगळ्या डिस्कवर ठेवा. मग फॉरमॅटची भीती उरत नाही. मोठे अपडेट आले की काही दिवस थांबा, मात्र सुरक्षेचे मासिक अपडेट लांबवू नका. अपडेट चालू असताना लॅपटॉप चार्जरला लावलेला असू द्या. फसले तर लगेच उपाय सुरू करू नका; आधी केबी क्रमांक (केबी५०३४४४१ सारखे अपडेटचे नाव) आणि पडद्यावर दिसलेला आकडा दोन्ही लिहून घ्या आणि त्या केबीच्या अधिकृत पानावर ‘ज्ञात अडचणी’ हा भाग वाचा. एकट्या आकड्यावरून शोध घेतला तर भलताच उपाय हाती लागतो, हे जानेवारी २०२४ ने दाखवले आहे. एका वेळी एकच उपाय करा आणि काय केले ते टिपून ठेवा. विंडोज ११ मध्ये सेटिंग्जमधल्या रिकव्हरीत फाइली आणि प्रोग्राम न पुसता विंडोज पुन्हा बसवण्याची सोय आहे. दुरुस्तीवाल्याने फॉरमॅट सुचवला तर आधी ती करून पाहायला सांगा.

आणि एक काम आजच, कॉम्प्युटर नीट चालू असतानाच करा. सेटिंग्जमध्ये जाऊन तुमच्या डिस्कला बिटलॉकर किंवा ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ लावलेले आहे का ते पाहा. असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून घरातल्या कागदपत्रांत ठेवा. सहा-सहा अंकांचे आठ गट, एकूण ४८ अंक आहेत.